चोवीस घरं

निरंजनने नव्या प्रिंटरमधून चाचणीची पावती फाडली आणि दिवाकररावांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली, चष्मा वर-खाली केला, उठले, परत बसले. भनपुरीच्या या धर्मकाट्यावर ट्रक तोलण्यात त्यांची उमर गेली होती. आज मात्र सकाळपासून जीव थाऱ्यावर नव्हता.

"ड्रायव्हरचं नाव काहून काढलं?"

निरंजन शंकर नगरच्या कॉम्प्युटर कंपनीतला, काट्यावर नवा प्रोग्राम बसवायला आलेला. मराठी घरातलाच, पण उत्तर हिंदीतच यायचं. "गाड़ी नंबर है ना अंकल. नाम किसको चाहिए?"

जुना प्रोग्राम दिवाकररावांनी स्वतः लिहिला होता, पुस्तकात पाहून पाहून. त्यातलं %-24s त्यांना तोंडपाठ होतं. नावासाठी चोवीस घरं. नाव लहान असलं तर उरलेली कोरी, म्हणजे पुढचा रकाना हलत नाही. निरंजनने स्क्रीनवर नवी ओळ दाखवली. महिरपी कंसांत नंबर, वजन, तारीख. ओळ सुबक होती, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला.

ते दारापर्यंत गेले, परत आले, आणि गेली बारा वर्षं काट्यावर कुणाला सांगितलं नव्हतं ते बोलून गेले.

"विनायक, माहा लहाना भाऊ, ट्रकच चालवे. अपघातात गेला तं खिशात कुठल्यातरी काट्याची पावती सापडली. नुसता गाडीचा नंबर. मालकाचा फोन लागेना. तीन दिवस बेवारस पडून राहिला तो. त्याच्यानंतर टाकली ही नावाची ओळ."

निरंजनने काट्याच्या मालकाला, शेठना, फोन लावला, आपल्या परीने समजावून पाहिलं. शेठ म्हणाले, कागद लहान, रांग मोठी, नाव टाइप करण्यात वेळ जातो. फोन ठेवल्यावर त्याला दिवाकररावांकडे बघवेना.

बाहेर हॉर्नचा कल्ला सुरू झाला. पहिला ट्रक काट्यावर चढला. पावती बाहेर आली, नावाशिवाय. दिवाकररावांनी ती पालथी घातली आणि पेन काढलं.

"नाम क्या है भैया?"

"सुशील साहू."

"बाप का? गाँव?"

सुशील वैतागला, पण त्याने सांगितलं. चोवीस घरांत बापाचं नाव क्वचितच मावायचं, गाव तर कधीच नाही. आता पावतीच्या पाठीवर सगळं मावलं. मागचे हॉर्न वाजत राहिले. दिवाकररावांनी शाईवर फुंकर घातली आणि पावती खिडकीतून दिली.

सुशीलने ती न वाचताच घडी करून शर्टाच्या खिशात सारली. ती नीट आत जाईपर्यंत दिवाकरराव बघत राहिले, मग त्यांनी पुढच्या ट्रकला हात केला.