अर्थखात्याचा ठराव

विनोददादा आमच्या घरी पाच वर्षं राहिला. मूळचा केंदूरचा, लहानपणीच वडील गेलेला. शिकायला दौंडला आला, तेव्हा माझ्या वडिलांनी त्याला रेल्वे क्वार्टरमधली बाहेरची खोली दिली. माझे वडील बबनराव साळवे पार्सल ऑफिसात क्लार्क होते. वस्तीत सगळे त्यांना आप्पा म्हणत, मीही आप्पाच म्हणायची. दादाची फी आप्पांनी भरली आणि त्याचे इंग्रजीचे निबंधही त्यांनीच तपासले. त्याला अर्थशास्त्रात एम.ए.ला पहिला वर्ग मिळाला, म्हणून मीही अर्थशास्त्रच घेतलं. पुढं तो राजकारणात गेला आणि मी शिरूरच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी तो आमच्या लहानशा पक्षाकडून शिरूरमधून विधानसभेला उभा राहिला. आप्पा नुकतेच रिटायर झाले होते, क्वार्टर अजून सोडायचं होतं. कवठे येमाईपासून वडगाव रासाईपर्यंत एकही बौद्ध वस्ती त्यांनी सोडली नाही. "पोरगा माझ्या घरात वाढलाय, मी जामीन," एवढंच ते सांगायचे. दोन मोठ्या पक्षांनी एकमेकांची मतं खाल्ली आणि दादा अकराशे मतांनी निवडून आला.

मुंबईत कुणालाच बहुमत मिळालं नाही. आमच्या पक्षाचे आमदार चारच होते, पण त्या चौघांशिवाय सरकार होत नव्हतं. दादा त्यांचा नेता. कुठलं खातं मागायचं हे ठरवायला त्यानं अकरा तारखेला, रविवारी सकाळी, दौंडच्या विहारात सभा बोलावली.

पहिला तासभर सगळे समाजकल्याणच म्हणत होते. म्हस्कू गायकवाड हा पंचायत समितीचा माजी सदस्य. तो म्हणाला, "आपल्या पोरांच्या स्कॉलरशिपा, वसतिगृहं, सगळं त्याच खात्यात हाय. दुसरं घ्यून काय करायचं?"

मी मागं बायकांत बसले होते. तिथूनच उभी राहिले.

"दरवेळी आपल्याला समाजकल्याणच देतात," मी म्हणाले. "त्या खात्याला पैसे किती द्यायचे हे दुसरा ठरवतो. आपल्यासाठी बजेटात ठेवलेला निधी रस्त्याला वळवायचा का धरणाला, हेही तोच ठरवतो. मागायचंच असेल तर अर्थखातं मागा."

"अर्थखातं?" कुणीतरी हसलं. "ते आपल्याला कोण देणार?"

"आन् दिलं तर चालवणार कोण?" म्हस्कूनं विचारलं. "बजेट म्हंजी काय ग्रामपंचायतीची घरपट्टी हाय व्हय?"

तेव्हा आप्पा उठले. "बाबासाहेब आधी अर्थशास्त्र शिकले, मग कायदा. आपण त्यांचा फोटो लावतो आन् अर्थशास्त्र म्हणलं की मागं सरतो. चालवणारा कोण म्हंता? हा काय समोर बसलाय. एम.ए. फर्स्ट क्लास."

दादा उठून उभा राहिला. मग म्हणाला, "तुम्ही सगळे पाठीशी असाल तर मी मागतो. अर्थ नाही तर सत्ता नाही. लिहा ठराव."

सगळे हात वर गेले. म्हस्कूचाही गेला. दादा जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "माया, पहिलं बजेट कसं असावं ते लिहून दे. उद्या पाहिजे." मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वीस पानं लिहिली आणि एसटीडी बूथवरून त्याला फॅक्स केली.

मंगळवारी मी आणि आप्पा न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एसटीनं शिरूरला पोपटरावांकडे गेलो. पोपटराव बागायतदार, सहकारात मुरलेले. सरकार बनवणाऱ्या मोठ्या पक्षाच्या वतीनं खात्यांची बोलणी करणाऱ्यांत ते होते. त्यांनी आम्हाला ओसरीवर बसवलं, चहा दिला.

"आप्पा, अर्थमंत्री म्हणल्यावर बँकवाले, कारखानदार सगळे बघतात," ते म्हणाले. "त्यांचा इस्वास बसला पायजे."

"मतं मागताना आमच्यावर इस्वास असतो तुमचा," आप्पा म्हणाले. "तिजोरीपाशी आलं की कसा जातो?"

पोपटराव नुसतं हसले. "बघू. मी एकटा ठरवणारा न्हाई." त्या हसण्यात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, माणूस टाळतोय.

शुक्रवारी शपथविधी झाला. आमच्या क्वार्टरबाहेर मांडलेल्या टीव्हीसमोर पन्नास माणसं जमली होती. दादानं शपथ घेतली तेव्हा फटाके वाजले. संध्याकाळच्या बातम्यांत खाती सांगितली. दादाला समाजकल्याण. अर्थ मोठ्या पक्षाकडे.

"फसवलं पोपटरावानं," म्हस्कू ओरडला. दुसऱ्या दिवशी वीस-पंचवीस पोरं शिरूरला जाऊन पोपटरावांच्या दारात घोषणा देऊन आली. सोमवारी पोपटरावांनी निरोप धाडला, बबनराव आणि त्यांच्या मुलीनं एकदा येऊन जावं.

या वेळी चहा आला नाही. पोपटरावांनी एक झेरॉक्स आप्पांच्या हातात दिली. "मी वाईट हाय, पण ह्यात न्हाई," ते म्हणाले. "माझ्या दारात माझ्या नावानं शिव्या नकोत."

आप्पांनी चष्मा लावला, वाचलं आणि कागद माझ्याकडे दिला. पत्र दादाच्या लेटरहेडवर होतं. 'आम्हास समाजकल्याण खाते व एका महामंडळाचे अध्यक्षपद मान्य आहे. अर्थखात्याचा आमचा आग्रह नाही. ते सांभाळू शकेल अशी व्यक्ती सध्या आमच्याकडे नाही.' खाली त्याची सही. ती वळणदार सही त्यानं आमच्या घरीच सराव करून बसवली होती.

मी तारीख पाहिली. आठ. सभेच्या तीन दिवस आधीची.

"मग आमचा ठराव?" मी विचारलं.

"त्यो त्यानं तुमच्या वीस पानांसकट मुंबईला आमच्या वरच्यांकडं धाडला," पोपटराव म्हणाले. "म्हणला, माझी माणसं अर्थखात्यावर अडून बसल्यात, तयारीबी केलीय, मी त्यांना कसं समजावू? मग त्याला आणखी एक महामंडळ दिलं. त्याच्या भावाला. तुम्ही मंगळवारी इथं आला तवा सगळं झालं होतं."

पावसानं उखडलेल्या रस्त्यावर परतीची एसटी हादरत होती आणि आप्पा समोरची दांडी दोन्ही हातांनी धरून बसले होते. माझ्या लेखणीला एका महामंडळाची किंमत आली, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

आठ दिवसांनी लाल दिव्याची गाडी क्वार्टरसमोर थांबली. वस्तीत सत्कार होता आणि अध्यक्ष म्हणून पत्रिकेत आप्पांचं नाव छापलं होतं. दादा आत आला आणि वाकला. आप्पांनी पाय मागं घेतले.

"आठ तारखेचं पत्र वाचलं," ते म्हणाले.

दादा खुर्चीवर बसला. त्यानं नाकारलं नाही. "आप्पा, चार आमदारांवर अर्थखातं कोण देतं? दिलं असतं तरी सहा महिन्यांत बदनाम करून काढलं असतं."

"मग तसं सभेत सांगायचं. आम्ही काय खुळे होतो?"

"सांगितलं असतं तर तुम्ही हात वर केले असते का?" तो म्हणाला. "ते खरे वाटायला पाहिजे होते, आप्पा. तिकडं त्याचीच किंमत होती."

मी विचारलं, "दादा, सांभाळणारी व्यक्ती आमच्याकडे नाही, हे कशाला लिहिलंस? नुसतं खातं नको म्हणायचं होतं."

"तसं लिहून दिलं की त्यांना बरं वाटतं."

"ते खोटं होतं."

तो खुर्चीवरून उठला. बाहेर ताशा सुरू झाला होता. "चला आप्पा, लोक थांबलेत," तो म्हणाला.

"मी येणार न्हाई."

तो गेला. सत्कार झाला. मोकळ्या खुर्चीवर म्हस्कू बसला.

पत्राची गोष्ट वस्त्यांत पसरली, तरी लोक दादावर फार दिवस रागावले नाहीत. मंत्री घरचा होता, कामं निघत होती. राग आला तो आप्पांचा. त्यांनी पक्ष सोडला तेव्हा कुणी म्हणालं, म्हाताऱ्याला काहीतरी पाहिजे होतं, मिळालं नाही. आणि ज्यांना खरंच फसल्यासारखं वाटत होतं, ते तर आणखी लांब गेले. वडगाव रासाईची पुतळाबाई, शेतमजुरी करणारी, एकदा बाजाराच्या दिवशी आम्हाला दौंड स्टेशनबाहेर भेटली. तिनं आडवळणानं विचारलं नाही.

"आप्पा, तुमी जामीन व्हता. तुमाला आधीच ठावं व्हतं का?"

"न्हाई गं."

"तुमच्या घरात वाढला, आन् तुमाला कळलं न्हाई?"

पुतळाबाई पिशवी उचलून निघून गेली. दादासमोर जे झालं नव्हतं ते तिथं झालं. भर रस्त्यात, रिक्षावाल्यांच्या देखत, माझे वडील रडले.

मार्चमध्ये सरकारचं पहिलं बजेट आलं. मी कॉलेजच्या लायब्ररीतून त्याची पुस्तकं मिळवली आणि रविवारी विहारात बजेट वाचून दाखवणार असल्याची पाटी लावली. नऊ माणसं आली. त्यात पुतळाबाई होती. कुणी सांगितलं होतं कोण जाणे. आप्पा भिंतीला टेकून सगळ्यांच्या मागं बसले. पुढं बसायला मी सांगितलं तरी ते आले नाहीत.

मी समाजकल्याणचे आकडे वाचले. गेल्या वर्षी ठेवलेल्या रकमेतली निम्मीसुद्धा खर्च झाली नव्हती, तेही सांगितलं.

"मग ऱ्हायलेले पैशे कुठं गेले?" पुतळाबाईनं विचारलं.

"दुसरीकडं वळवले."

"कुणी?"

मी आप्पांकडे पाहिलं. सत्कारानंतर ते चारचौघांत बोललेच नव्हते.

"अर्थखात्यानं," ते म्हणाले. मग हळूहळू, जमिनीवर बोटानं रेघा मारत, एखाद्या योजनेचा पैसा मुंबईहून निघून वडगाव रासाईला पोचेपर्यंत कुणाकुणाच्या सहीतून जातो, ते त्यांनी तिला समजावून सांगायला सुरुवात केली. ती पुढं सरकून ऐकत होती. क्षमा केली असं तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, पण ती मधेमधे प्रश्न विचारत होती आणि आप्पा प्रत्येकाचं उत्तर देत होते.