नळ्यांची भाजी

वैजयंतीनं उकडलेल्या मॅकरोनीचं पातेलं चाळणीवर उपडं केलं, तशी वाफ तिच्या तोंडावर आली. फुगलेल्या नळ्या एकमेकींना चिकटू लागल्या होत्या. पुढं काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. घाटघरला माहेरी तिनं भात आणि नाचणीपलीकडं फारसं काही रांधलं नव्हतं.

हट्ट समृद्धीचा होता. वैजयंती दिवाळीनंतर कळंबला नांदायला आली, तेव्हापासून ही सहा वर्षांची सावत्र लेक तिच्या हातचे दोन घास खाऊन ताट सारायची. तिला कुठल्याच नावानं हाक मारत नसे. परवा मात्र आपणहून म्हणाली, नळ्यांची भाजी कर, चीज घातलेली. ते ऐकून तिच्या बापाचा, कुंडलिकचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं मंचरवरून मॅकरोनीचा पुडा आणि चीजचा डबा आणला आणि ओट्यावर ठेवून दिला.

आता पोर पिठाच्या डब्यावर बसून पाय हलवत होती.

“आधी लोणी,” ती म्हणाली. “मग मैदा. लाल नाय होऊ द्यायचा.”

वैजयंतीनं लोण्यावर मैदा परतला. कच्चा वास गेला तसं तिनं दुधाचं भांडं उचललं.

“एकदम नको वतू. थोडं थोडं. न्हाईतर गाठी व्हत्यात.”

दर वेळी सांगण्याआधी पोर जराशी थांबत होती. कुणाचं बोलणं पुरं होऊ द्यावं तशी मान खिडकीकडं कलती करायची आणि मगच तोंड उघडायची. खिडकीत दुपारचं ऊन होतं. पलीकडं कांद्याच्या वाफ्यांत कुणी नव्हतं.

दूध घट्ट होत आलं. ढवळता ढवळता वैजयंतीनं सासूला विचारलं, हिच्या आईनं शिकवलं का हे हिला? ठकूबाई उंबऱ्याशी शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी सांगितलं ते असं, की मंदा खडकीची. बाप पलटणीच्या मेसमध्ये आचारी, त्याच्याकडून ती हे शिकली. कुंडलिकनं खाल्लं ते एकदाच, सासुरवाडीला. या घरात तिनं ते कधी केलंच नाही. तेव्हा चूल होती, गॅस आला तो मागच्या साली. आणि काविळीनं ती गेली तेव्हा पोरीला दातही आले नव्हते.

“आजोळी गेली आसंल कधी,” वैजयंती म्हणाली.

“कुठलं आजोळ? म्हातारा मंदाच्याबी आधी गेला.” ठकूबाईंचे हात थांबले होते. “तू तिला इचारू नको. मी एकदा इचारलं व्हतं.”

काय उत्तर मिळालं, ते त्यांनी सांगितलं नाही. टरफलांचं सूप उचलून त्या मागच्या अंगणात निघून गेल्या.

“गॅस बंद कर,” पोर म्हणाली. “चीज कढई खाली उतरवून घालायचं.”

चीज विरघळलं. डावाला पिवळट, तुळतुळीत साय धरली. वैजयंतीनं त्यात नळ्या घोळल्या, वरून मीठ, मिरपूड टाकली. पोरीनं पुन्हा मान कलती केली आणि डब्यावरून खाली उतरली.

“हात धुऊन ये म्हणती,” ती म्हणाली आणि नळाकडं पळाली.

वैजयंती कढईसमोर एकटीच उरली. सोमवार होता, तिला उपास. चव घेता येत नव्हती. तिनं डाव ठेवला. थोरल्या बाईसमोर सावरावा तसा पदर सावरला आणि खिडकीकडं न बघता हलकेच विचारलं,

“ताई, मीठ बरोबर झालंय का?”

बाहेर नळाचं पाणी वाजत होतं. तिनंही पोरीसारखी मान जराशी कलती केली. मग बरणीत हात घालून तिनं आणखी चिमूटभर मीठ टाकलं.