आधी मला मोजा, मग काढा

मित्रांनो, मी एक जुनी चिप आहे. लोक मला प्रोसेसर म्हणतात. म्हणोत बापडे. मी स्वतःला बाईच समजते, कारण या पेटीतला सगळा कारभार मी बघते. अंगाने काडेपेटीपेक्षा थोडी रुंद. शिक्षण विचाराल तर शून्य आणि एक, एवढे दोनच आकडे येतात. पण त्या दोन आकड्यांवर मी आठ वर्षं हे घर रेटलं आहे आणि कुणापुढे हात पसरलेला नाही.

माझा जन्म धुळीचा कणही चालत नाही अशा कारखान्यात झाला. तिथून डबीत बसून आले ती या घरातल्या मुलीच्या आत्याच्या हाती. आत्या लिफ्ट दुरुस्त करणारी. अंगठ्याला कायम ग्रीस. पण मला तिने दोन बोटांनी कडेला धरून अलगद मदरबोर्डवर बसवलं, डोक्यावर राखाडी पेस्टचा ठिपका लावला आणि वर धातूची पाती आणि पंखा घट्ट आवळला. ती पेस्ट माझी उष्णता पात्यांपर्यंत पोचवते. शेजारच्या खाचेत तिने ग्राफिक्स कार्ड खोचलं आणि भाचीला सांगितलं, "घे. आता हिला जीव लाव."

आमच्या कामाची वाटणी सरळ आहे. खेळात कोणती गाडी कुठे आहे, कोण कुणाला धडकलं, पुढे काय होणार, हा हिशोब माझा. तो मी कार्डाच्या हातात द्यायचा आणि त्याने चित्र रंगवून पडद्यावर टाकायचं. कौतुक नेहमी त्याचंच व्हायचं. "काय चकाचक दिसतंय," असं मैत्रिणी म्हणायच्या. हिशोब चकाचक झाला असं कधी कुणी म्हटलं नाही. मी मनाला लावून घेतलं नाही. थोडंसं घेतलं.

भाची शाळेतून कॉलेजात गेली आणि मोटार शर्यतीच्या खेळात तरबेज झाली. चौघींच्या संघात तिला जागा मिळाली. आणि तेव्हाच अडखळणं सुरू झालं. मोकळ्या रस्त्यावर सगळं ठीक, पण पहिल्या वळणावर वीस गाड्या एकत्र आल्या की पडद्यावरचं चित्र गचके खायचं आणि हिची गाडी कठड्यावर जायची. संघाच्या म्होरकीने फोनवर स्पष्ट सांगितलं, "रविवारी पुन्हा अडकलीस तर तुझी जागा दुसरीला देणार. राग मानू नकोस."

घरात बैठक बसली. यंदा एकच वस्तू घेता येणार होती. भाचीचे बाबा बेकरीत भट्टी सांभाळतात, त्यांनी दुकानाच्या काचेत तीन पंख्यांचं कार्ड बघून ठेवलं होतं.

"कार्डच घ्यायचं," ते म्हणाले. "शेवटी बघायचं ते चित्रच ना."

"बाबा, दुकानदार म्हणतो प्रोसेसर बदला. आठ वर्षांचा म्हणजे म्हातारा झाला म्हणे. त्याच्याबरोबर मदरबोर्ड आणि मेमरीही बदलावी लागेल."

"म्हणजे पेटी तेवढी आपली राहणार."

मित्रांनो, मी तिथेच होते. टेबलाखाली, कपडे वाळत घालायच्या दांडीच्या बरोबर खाली. माझ्या मरणाची चर्चा चालली होती आणि मला एका शब्दाने कुणी विचारलं नाही.

आत्याने चहाचा कप खाली ठेवला. "लिफ्ट अडकली की मी आधी मोटार बदलते का रे? आधी दार नीट लागतंय का ते बघते. मोजल्याशिवाय कुणाला घराबाहेर काढायचं नाही."

"ताई, ही लिफ्ट नाही."

"माणसं वाट बघत उभी आहेत ना? मग लिफ्टच."

तिने भाचीला खेळ लावायला सांगितला. पडद्याच्या कोपऱ्यात आकडे आले. सेकंदाला अडतीस चित्रं. कार्ड निम्म्या ताकदीवर आरामात बसलेलं. मग आत्याने चित्राची स्पष्टता पार खाली आणली, म्हणजे कार्डाचं काम हलकं झालं. आकडा अडतीसच राहिला.

"झालं," भाची पडेल आवाजात म्हणाली. "अडतंय ते प्रोसेसरपाशीच."

खरं होतं. मी नाकारत नाही. पण का अडतंय, हे कोण विचारणार?

आत्याने विचारलं. तिने दुसऱ्या आकड्यावर बोट ठेवलं. "ही किती तापलीये बघ. तापली की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करते. शेवटचं कधी उघडलं होतं हिला?"

कधीच नाही. आठ वर्षांत आत्यालाही आठवण झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पेटी उघडली. पात्यांत कपड्यांची लव बसून घोंगडीसारखी घट्ट झाली होती. पेस्ट वाळून खपली झाली होती. तिने मऊ ब्रशने पाती झाडली, स्पिरिटने माझं डोकं पुसलं, नवी पेस्ट लावली. आठ वर्षांनी मी श्वास घेतला.

पुन्हा वीस गाड्या, पुन्हा तेच वळण. सेकंदाला बासष्ट चित्रं, आणि आता घाम कार्डाला फुटला होता. स्पष्टता कमी केल्यावर आकडा आणखी चढला.

"म्हणजे आधी कार्डच," बाबा खूश झाले.

"कार्डच. पण ते तीन पंख्यांचं धूड नको. त्याला पुरेल एवढं काम ही देऊ शकणार नाही, ते नुसतं बसून राहील. मधलं घे," आत्या म्हणाली.

बरोबर बोलली. मला माझी कुवत ठाऊक आहे. ती कुणी जास्त सांगितलेली मला आवडत नाही आणि कमी सांगितलेली तर मुळीच नाही.

रविवारी नवं कार्ड आलेलं नव्हतं. जुन्यावरच भाची उतरली. पहिल्या वळणावर वीसच्या वीस गाड्या माझ्या अंगावर आल्या आणि मी एकही गचका बसू दिला नाही. ती चौथी आली. शेवटच्या फेरीत तिने ब्रेक उशिरा दाबला. ती चूक तिची, माझी नव्हे. म्होरकीचा फोन आला, "तुझी जागा तुझीच. ब्रेकचा सराव कर."

तर मित्रांनो, वर्षातून दोनदा पेटी उघडा. लव काढा. पेस्ट वाळू देऊ नका. यंत्र हळू झालं तर त्याला नावं ठेवण्याआधी ते कशाखाली दबलंय ते बघा. उद्या मलाही काढायची वेळ येईल. जरूर काढा. समोर आकडा ठेवा, तो खरा निघाला तर मी आपणहून जागा सोडेन. पण नुसतं 'जुनी झाली' म्हणत स्क्रू ड्रायव्हर घेऊन याल, तर सांगून ठेवते, आधी माझं डोकं पुसावं लागेल.