दोन अक्षरांमधली जागा

मित्रांनो, कोथरूडमधील एका फ्लेक्स छपाईच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर मी पडून आहे. मी एक जुना संगणक आहे. माझ्या उमेदीच्या काळात शहरात नव्या कंपन्या येत होत्या, गल्लोगल्ली क्लास निघत होते, आणि त्यांचे फलक माझ्याच पडद्यावर आकार घेत होते.

मला चालवणाऱ्या उत्कर्षाचा एका कामात हातखंडा होता. ती फोटोच्या लेयरवर मजकुराचा वेगळा लेयर ठेवी. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागदच समजा. मग फोटो अक्षरांच्या आकारात कातरला जाई. अक्षरांच्या आत चित्र, बाहेर कोरे पांढरे.

"अक्षरांत माणसं भरते ही मुलगी!" मालक सिराजभाई म्हणत. मलाही धन्य वाटे.

२००३ साली जवळच्या एका सोसायटीला पंचवीस वर्षे झाली. सचिव रंगनाथराव सर्वांचा एकत्र फोटो घेऊन आले. "पंचवीस वर्षे" या अक्षरांत सारे दिसले पाहिजेत, अशी त्यांची मागणी होती. सोसायटीचे जिने सुरुवातीपासून झाडणाऱ्या यमुनाबाईही सोबत होत्या. फोटोत त्या मागच्या रांगेत उभ्या होत्या.

"ताई, मी बी दिसंन ना? लेकीला बोलावलंय बघायला."

"दिसणार की, मावशी!" उत्कर्षा म्हणाली.

रंगनाथराव पडद्याकडे बघत म्हणाले, "अहो, अध्यक्षांचं नाक अक्षरात आणि कान बाहेर. फलक करताय की शस्त्रक्रिया?"

उत्कर्षाने अक्षरांखालचा फोटो सरकवला. अध्यक्ष 'च'मध्ये बसले, सचिव 'प'मध्ये. पण यमुनाबाई 'वी' आणि 'स' यांच्यामधल्या पांढऱ्या जागेत गेल्या. त्यांचा पदर तेवढा अक्षराच्या कडेला उरला. उत्कर्षाला ते दिसले होते. "मावशींना नंतर वेगळ्या लेयरवर घेते," ती पुटपुटली. तेवढ्यात लेयरच्या ओझ्याने मी अडखळू लागलो. वैतागून तिने सगळे लेयर एकत्र केले आणि फाइल त्याच नावाने जतन केली; असे केले की अक्षरांबाहेरचा फोटो कायमचा पुसला जातो. रंगनाथराव फोटो घेऊन गेले, फलक छापला गेला, आणि ते 'नंतर' राहून गेले.

समारंभानंतर यमुनाबाई दुकानात आल्या. त्या भांडल्या असत्या, तर आम्हा दोघांना सोपे गेले असते. त्यांनी हळूच विचारले, "ताई, फोटू काढताना माझं डोळं मिटलं व्हतं का? लेकीनं लई शोधलं. म्हनलं, माझंच काहीतरी चुकलं असंल."

उत्कर्षाने माऊसवरचा हात काढला. दाखवायला माझ्याजवळ काहीच उरले नव्हते. त्या पांढऱ्या जागेखाली आता फोटो नव्हता.

"डोळे उघडे होते, मावशी. अगदी छान आला होतात. चूक माझी झाली."

यमुनाबाईंचा चेहरा खुलला. "उघडं व्हतं ना? मग झालं तर. लेकीला तसं सांगते," म्हणत त्या निघून गेल्या.

फलक महिनाभर सोसायटीच्या फाटकावर होता. तोवर उत्कर्षा त्या रस्त्याने गेली नाही. मीही गेलो नसतो; मला जागचे हलता येत नाही, एवढाच आमच्यात फरक.

मित्रांनो, तुमची यंत्रे माझ्यासारखी अडखळणार नाहीत. तरीही कातरण्यापूर्वी मूळ फोटो वेगळा जपून ठेवा, लेयर एकत्र करण्याची घाई करू नका. आणि ज्यांना 'तुम्ही दिसणार' असे सांगितले असेल, त्यांना छपाईआधी एकदा शोधा.