पाचव्या पेटीतली तापट राणी

मी राणी माशी बोलतेय. मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला कोंडिबाच्या परड्यात सातेरी मधमाश्यांच्या पाच पेट्या होत्या, त्यांतल्या पाचवीची मी राणी. नाव राणी, पण हुकूम कुणी ऐकत नाही हो! दिवसभर अंडी घालायची आणि मुली म्हणतील तसं राहायचं.

जन्माने मी वेगळी नव्हते. ज्या अंड्यातून कामकरी माशी होते, तसल्याच अंड्यातून मी आले. दाई माश्यांनी मला अळीपणी शेवटपर्यंत राण्यांचं खाणं, राजान्न भरवलं, माझ्या बहिणींना जेमतेम तीन दिवस. तेवढ्यानं मी राणी झाले. पण स्वभाव आणि काटकपणा भरवून येत नाही, तो रक्तातून येतो. उमेदीच्या दिवसांत मी उडाले ती थेट देवराईवर. तिथे रानातल्या कुठल्या कुठल्या पोळ्यांतले नर भेटले. म्हणून माझ्या लेकी एका आईच्या, पण बारा बापांच्या. माणसांत ही शिवी असेल, आमच्यात हीच श्रीमंती. एकीला थंडी सोसते, एकीला ऊन. एकीला मेलेल्या अळीचा वास मेणाच्या झाकणाआडूनही येतो. आणि काही अशा चिडक्या, की विचारू नका.

कोंडिबा जातिवंत भातकरी. बियाण्याला लोंबी निवडावी तशी त्यानं माशी निवडली. जांभळीखालची पेटी भारी गरीब, झाकण काढलं तरी डसायची नाही. त्यानं आणखी तीन पेट्यांतल्या राण्या चिरडल्या आणि त्या गरीब राणीच्या लेकी राण्या म्हणून तिथे बसवल्या. त्या उडाल्या त्या परड्याभोवतीच, आणि तिथे नरही त्याच रक्ताचे. "समदं एक वाण, लई ब्येस," म्हणायचा. मीच तेवढी उरले, कारण माझ्या पोरी त्याला हात घालू देईनात. एकदा त्याची बायको गोजराबाई परड्यात शेण टाकायला आली, तर तिचा डोळाच सुजवला मेल्यांनी. मला फार वाईट वाटलं. तिनं आमचं काय घोडं मारलं होतं?

त्या वर्षी पाऊस सरता सरता अळ्यांवर रोग आला. माझ्याही अळ्या मेल्या. पण नाकाच्या तिखट लेकींनी झाकणं उकलली, मढी ओढून काढली आणि दाराबाहेर टाकली. चार दिवसांत पेटीसमोर ढीग झाला.

सकाळी कोंडिबानं तो ढीग पाहिला. बाकीच्या चार पेट्यांपुढे अंगण लख्ख.

"गोजरे, हिलाच रोग लागलाय बघ! जाळतो हिला, न्हाईतर माज्या चारी जात्याल."

तो घासलेट घेऊन आला. त्या वासानं माझी गाळण उडाली. पोट अंड्यांनी जड, पळणार कुठे?

"आवं, थांबा की!" गोजराबाई पुढे आली. "हिच्या दारात केर हाय, म्हंजी आत कुनीतरी झाडतंय. त्या चार दारांत काडी न्हाई. तितं झाडतं कोन? आदी त्या उघडा."

"डोळा सुजवला तुजा, आन् तिचीच बाजू घेतीस व्हय?"

"डोळा माजा हाय. उघडा म्हन्ते ना!"

त्यानं जांभळीखालची पेटी उघडली आणि नाकाला फडकं लावलं. अळ्या जागच्या जागी कुजल्या होत्या. बाकीच्या तिन्हीही तशाच. कोंडिबानं झाकण खाली ठेवलं. "म्याच निवडून निवडून समद्या एकसारख्या केल्या," म्हणाला आणि ढसाढसा रडला. गोजराबाईनं घासलेटची बाटली उचलून घरात नेली.

चारी पेट्या गेल्या. मला त्याचा आनंद नाही झाला. गरीब असणं हा काही त्यांचा गुन्हा नव्हता.

आता माझं तिसरं वर्ष. अंडी कमी झाली, तशी मुलींनी माझ्या जागी नवी राणी वाढवली. रीतच आहे ती. आज ती पहिल्यांदा उडणार. कोंडिबा सकाळपासून पेटीच्या दाराशी राणीला अडवायची जाळी घेऊन बसलाय. उरली एकच पेटी. पोरीला पाखरानं उचललं तर सगळंच संपलं. दार बंद केलं तर ती जिवंत राहील, पण नरांवाचून वांझ.

"लावू का गं?" त्यानं विचारलं.

"आपली सुमन नांदाय गेली तवा कोंडली व्हती का?" गोजराबाई म्हणाली.

त्यानं जाळी बाजूला ठेवली. पोर दारात आली, जरा थांबली आणि रानाच्या दिशेनं निघून गेली. तिची अंडी फुटेपर्यंत मी असेन, नसेन. कोंडिबा, तिच्या लेकी तुला डसतील. डसू दे रे बाबा.