शेवटच्या बाकापर्यंत जाणारा धोटा

हातात धरून काय बघताय? धोटाच आहे मी, आणि बोलतोयही मीच. कामतघरच्या एका लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर, उभ्या धाग्यांतून आडवं सूत घेऊन इकडून तिकडे नुसता धावायचो. दम खायला सवड म्हणून नाही! एक दिवस टोकाला चीर गेली, सूत तुटायला लागलं आणि मला भंगारात फेकलं. फार वाईट वाटलं हो.

तिथून मला उचललं गायकवाडबाईंनी. जवळच्याच शाळेत त्या नववीला शिकवायच्या. त्यांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत पोरं उत्तर ओरडून मोकळी! मग बाईंनी नियमच केला. प्रश्न विचारला की मी पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत हातोहात जाणार, तोवर सगळ्यांची तोंडं बंद. मी ज्याच्या हातात, त्याने डोळे मिटायचे, आपला श्वास ऐकायचा, मग विचार करायचा. बाहेर लूमची खटखट, आत चिडीचूप. सुरुवातीला पोरं हसून लोळायची. मलाही वाटलं, अहो, धोट्याला कुणी हळू चालवतं का?

शेवटच्या बाकावर राहनाळची पार्वती बसायची. सगळे तिला 'ढ' म्हणायचे. ढ कसली! तिचा विचार होईपर्यंत कुणी थांबतच नव्हतं. माझ्या फेऱ्या सुरू झाल्या आणि तिची उत्तरं बरोबर यायला लागली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

पण त्याआधीच सहामाहीत ती नापास झाली होती. तिचे वडील, पंढरीभाऊ, लूमवर कामाला. ते तडक वर्गात आले.

"बाई, हिचं नाव काढा. डोकं न्हाय हिला. उद्यापासून लूमवर सुताच्या कांड्या भरायला जाईल."

पार्वतीचा चेहरा पडला. बाई शांतपणे म्हणाल्या, "काढते. आधी एवढं सांगा, भाऊ. लांब फडक्याचे पाच तुकडे करायचे, तर कात्री किती वेळा चालवायची?"

"पाच! ह्यात काय इचारायचं?"

बाईंनी मला पार्वतीच्या हातात दिलं. तिने डोळे मिटले. भाऊंची चुळबुळ चालली होती. मग तिने वेणीची रिबीन सोडली आणि बोटांची कात्री चालवून दाखवली.

"चार, बाबा. पाचवा तुकडा आपोआपच उरतो."

"आयला! जन्म गेला माझा कापडात!" भाऊ असे खदखदून हसले की अख्खा वर्ग हसला. मग त्यांनी मला मागून घेतलं आणि स्वतःच डोळे मिटले. "ऱ्हाऊ द्या नाव. घाई हिला न्हाय, मलाच हाय."

त्याला दहा-बारा वर्षं झाली. पोरांच्या हातांनी मी पार गुळगुळीत झालोय. परवा पार्वती बाईंना भेटायला आली होती. सांगत होती, "बाई, बाबा अजून रागावले की धोटा धरल्यासारखी मूठ मिटतात. थोड्या वेळाने म्हणतात, आता बोल, बाय."

तर मंडळी, झालं का विचार करून तुमचं? मग सरकवा मला मागच्या बाकावर. शेवटच्या बाकावर कुणीतरी अजून विचार करतंय.