कलम एकेचाळीस

“कलम एकेचाळीस, पूर्णविराम, कंस सुरू, वगळले, कंस पूर्ण. कलम बेचाळीस...”

“थांबा,” मी म्हणालो. “मागचं परत वाचा.”

बाईंनी परत वाचलं. सरकारी छापखान्यात एकजण मूळ प्रत विरामचिन्हांसकट मोठ्यानं वाचतो आणि दुसरा मुद्रितावर डोळे ठेवतो. एकोणीस वर्षं बाई वाचतायत, मी तपासतोय. एवढ्या वर्षांत त्यांचा आवाज आज पहिल्यांदा अडखळला. माझ्या घरचं त्यांना ठाऊक होतं.

कालपर्यंत घटनादुरुस्तीच्या त्या कलमात अकरा ओळी होत्या. सीमेवरच्या गावांनी कुठल्या राज्यात राहायचं ते मत देऊन स्वतः ठरवावं, असं त्यात होतं. आमचं गाव त्यातलंच. ते पलीकडच्या राज्यात टाकलं तेव्हा आमच्या भाषेतली शाळा बंद पडली आणि तिचे हेडमास्तर, म्हणजे माझे वडील, अण्णा, माझ्याकडे आले. शाळेची किल्ली तेव्हापासून त्यांच्या करगोट्याला असायची, आंघोळीलासुद्धा ती सुटत नसे.

व्यवस्थापक म्हणाले, “छोट्या राज्यांना वरच्या सभागृहात दोन-दोन जागा वाढवून मिळाल्या. बदल्यात त्यांनी हे सोडलं. तडजोड म्हटली की असंच चालायचं.”

“मग आकडा तरी कशाला ठेवला?”

“पुढची सगळी कलमं कोण बदलत बसणार?”

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथं दोघांच्या समेटात तिसरा मेला होता. ‘छापण्यास हरकत नाही’ या शिक्क्याखाली मी मुकाट्यानं सही केली. पोटासाठी केली, आणि तिची लाज अजून गेलेली नाही.

घरी अण्णांचा रोजचाच प्रश्न होता. “एकेचाळीस आहे ना रे?”

“आहे, अण्णा.”

आकडा होताच की.

आठवड्यानं पुस्तक छापून आलं. अण्णांनी ते मागून घेतलं, चष्मा पुसला आणि नेमकं पान काढलं. त्या एका ओळीवर त्यांचं बोट बराच वेळ थांबलं. मग त्यांनी पुढची पानंही वाचली, शेवटपर्यंत, पेपर तपासल्यासारखी.

“तू तपासलंस?”

“हो.”

“एकही चूक नाही. पैकीच्या पैकी.” त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. “बाईंनाही सांग.”

त्यांनी रागवायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आंघोळीला गेलो तर न्हाणीतल्या खुंटीवर किल्ली लटकत होती. अण्णा कधीच आंघोळ आटोपून बाहेर जाऊन बसले होते.